राखून ठेवलेला डाव

आबा, तुमच्या पणतीनं गेल्या आठवड्यात रियाधमध्ये, हॉलमधल्या गालिच्यावर, आपल्या बापाला उताणा पाडला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. तुमच्या तालमीत बाईमाणसाला पाऊल टाकायची सोय नव्हती. मी ताकाची कळशी दारात ठेवायची, तुम्ही आतूनच ओरडायचात, "ठेव आणि पळ." आणि ही पोरगी इथं बायकांच्या जिममध्ये कुस्ती शिकते! माझं अक्षर चौथीपर्यंतचं, सांभाळून घ्या.

तिच्या कॉम्प्युटरवर युरोपातलं कुठलंसं शेकडो वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे. घट्ट विजारीतले दोन बाप्ये एकमेकांना भिडलेत. एका चित्रात डाव, पुढच्या चित्रात त्याची तोड. पण मधे हात कुठून फिरला ते काढलेलंच नाही. खाली चार ओळी आहेत, त्याही कोड्यात. बापलेक रोज संध्याकाळी एकमेकांची गचांडी धरून तो हात शोधतात. सूनबाई म्हणते, "काचेचं टेबल तेवढं वाचवा."

बरं आहे, तेवढाच माझ्या पोराला विरंगुळा. त्याच्या जागी सौदी माणूस घ्यायचं कंपनीनं ठरवलंय. सगळीकडे तेच चाललंय, शेजारची दोन्ही घरं रिकामी झाली. साहेबानं सांगितलं, काम शिकवून दे आणि मग जा. एक सौदी मुलगी त्याच्या शेजारी आणून बसवलीय. ओलाया भागातल्या त्या उंच इमारतीतल्या ऑफिसातून घरी आला की पोराला बूट काढायलाही वाकवत नाही.

मी त्याला म्हटलं, "सगळं शिकवू नकोस. माझे आबा पठ्ठ्यांना ढाक शिकवायचे, कलाजंग शिकवायचे, पण एक डाव स्वतःपाशी राखायचे. तिचं अडलं तर तुला ठेवून घेतील." त्यालाही ते पटलं असावं, कारण वर्षअखेरचे हिशेब जुळवायचं काम त्यानं तिला दाखवलंच नव्हतं.

त्या दिवशी परत ती दोघं अडली. मी कणकेच्या हातानं बाहेर आले. "अरे पालथा पड की! पोट मातीला लावलं की कोण चीत करतंय?"

"आजी, इसमें चीत-बीत नहीं होता," नात म्हणाली. "खाली गेलं की हात मोडतात."

तेवढ्यात तिनं त्याला पाडलाच. तो वळून पालथा झाला आणि तसाच पडून राहिला. "आई, इतकी वर्षं पालथाच पडलोय की गं." आम्ही हसलो. मग कुणाला हसू येईना.

उठून तो त्या चित्राकडे बघत बसला. "या पुस्तकवाल्या म्हाताऱ्यानं राखून ठेवलं आणि मेला. आता कुणालाच येत नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं त्या मुलीला उरलेलं सगळं शिकवलं. मला म्हणाला, "ती मला उस्ताद म्हणते, आई. तिच्यापासून काय राखू?"

आता बॅगा भरतोय. बत्ह्याच्या बाजारातून दोऱ्या आणल्या, खोकी आणली. इतक्या वर्षांचा संसार खोक्यात मावत नाही, माझे गुडघे बोलतात. तरी तक्रार नाही, पोराची मान जरा सरळ झालीय.

काल नात म्हणाली, "आजी, पणजोबांचा तो राखलेला डाव कुठला?" मी म्हटलं, ये, धर माझी मान. तिचं कोपर कवेत घेतलं, कंबर फिरवली, आणि पोरगी उशांवर आपटली! मुद्दाम पडली असेल, सांगता येत नाही. तुमच्या नातवानं टाळ्या पिटल्या. किती दिवसांनी मोकळं हसला तो! तिनं मोबाइल टेबलावर उभा ठेवून सगळं शूटिंग केलं. गावी गेल्यावर मुलींना शिकवणार म्हणते.

हे कागद मी कुठं धाडणार, खोक्यात साड्यांखाली ठेवते. कळशी ठेवून मी पळायची नाही, दाराच्या फटीतून बघायची. पण आबा, तिला मी सांगितलंय, की एकदा दारात ताक ठेवताना तुम्ही मला आत बोलावलंत आणि तो डाव दाखवलात.