पखवाज तेवढा परत माग

तारकर्ली,
फेब्रुवारी २००३

चि. सौ. यशोदा हिला दादाचे पोटभर आशीर्वाद.

आज सकाळपासून कानात आईचं मुसळ पडतंय. ती पोहे कांडायची आणि त्या ठेक्यावर तू शाळेतली कविता म्हणायचीस. कविता संपली तरी मुसळ थांबायचं नाही, म्हणून तू पदरची दोन कडवी जोडायचीस. (तीच जास्त बरी असत.) मुंबईला तुझी लेक दिव्या आणि तिचं बाळ सुखरूप असतील. इकडची खुशाली लिहायची, तर नारळ बरे आहेत.

तुझे यजमान सत्यवान, म्हणजे आमचे भावोजी, यांचा पखवाज आणि माझी पेटी ही जोडी गावोगाव भजनं करीत किती फिरली! वाटेत माडी प्यायला थांबलो, तर तो दोष आमचा नव्हे. माड रस्त्याच्या कडेलाच असतात. एकदा तळेऱ्याला देवगडची गाडी सोडून विजयदुर्गच्या गाडीत बसलो आणि उतरल्यावर दिसेल त्या मांडवात शिरून गजर सुरू केला. निघाला साखरपुडा! मुलीकडच्यांनी आम्हाला मुलाकडचे समजून वाढलं, मुलाकडच्यांनी मुलीकडचे समजून आग्रह केला. निघताना दोन्ही व्याही आमच्या गळ्यात पडून रडले.

दिव्याच्या बाळंतपणासाठी मुंबईला जाण्याआधी, भावोजींची दारू सुटावी म्हणून तू देवळात गाऱ्हाणं घालायला लावलंस, ते योग्यच. चुकलं एवढंच, की ते घालायला मला उभं केलंस. नुसता पेला एकटा बरा वाटेना (माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला अनुप्रासाचा मोह सुटत नाही), आणि मी म्हणून गेलो, "बा देवा म्हाराजा, ह्येच्या ओठाचो पेलो नि हाताचो पखवाज, दोनय सुटांदेत रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" डोळे मिटून तूसुद्धा. तुझी एसटी सुटल्यावर देवळातला बाबली गावकर म्हणाला, "अरे, दारवेबरोबर पखवाजय सोडवलंस मा रे!"

तेव्हापासून भावोजींनी दोन्हींना हात लावलेला नाही. पखवाजाच्या पुडीवर लावलेली कणीक वाळून खपली झाली. रस्त्याने कोणी अभंग म्हणत गेलं, की भावोजी आपले हात मांडीखाली दाबून बसतात. जेवण निम्म्यावर आलंय. काल मी म्हटलं, भावोजी, देव काही अनुप्रास धरून बसत नाही. तर म्हणाले, "देव नाय धरूचो. पण यशोदान 'होय म्हाराजा' म्हटलेला आसा."



तुझा,
दादा

ता. क. मागणं तुझं, तेव्हा सोडवणंही तुझ्याच तोंडून व्हायला हवं, असं गावकर म्हणतो. येऊन पखवाज तेवढा परत माग. पेला देवाकडेच राहू दे.

दुसरा ता. क. देव खुशीत दिसला, तर अर्ध्या पेल्याचं विचारून बघ. एकट्याने घेतली की माडी घशात अडते.

तिसरा ता. क. थांब, कोणीतरी कडी वाजवतंय. अगो, तूच! बॅग खाली न ठेवता सांगते आहेस, "बाळाक दिव्याच्या सासूकडे ठेवन इलंय. ह्येंनी बूथावरना फोन केल्यानी. बोलाक एक शब्द नाय, नुसती फोनार पखवाजासारखी बोटां वाजत हुती. उठ, देवळात चल. गाऱ्हाणा मी घालतलंय. तू भायर बसान चपलां राख."