डॉक्टरीणबाईंनी घरचे विचारले

तुमसर,
९ ऑगस्ट २०२३

आदरणीय यादोरावदादास, धाकट्या बहिणीचा जयभीम. (बहीण कोण, म्हणून पाकीट उलटंपालटं करून पाहू नको. मीच ती रीना, जिला चाळीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलंस तेव्हा तू भाऊ म्हणत होतास.) तुझी तब्येत कशी आहे? बायजावहिनीचे गुडघे काय म्हणतात? तुझ्या धम्मदीपला मुलगी झाल्याचं कानावर आलं. टाळ्या वाजवत बाळाच्या बधाईचे पैसे मागायला मी येणार नाही, निर्धास्त राहा. लाखांदूरकडचे धानाचे रोवणे आता आटोपले असतील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टमन तरी मध्येच कट करत नाही.

माझं म्हणशील तर सहा महिन्यांपासून लघवी अडते आहे. दवाखान्यात (नाव लिहीत नाही, मला तिथे पुन्हा जायचं आहे) खिडकीवरच्या माणसाने माझ्या कार्डावर 'स्त्री' पाहून मला बायकांच्या विभागात पाठवलं. तिथल्या नर्सबाईंनी शेवटची पाळी कधी आली ते विचारलं. मी म्हटलं, एकसष्ट वर्षं झाली, अजून पहिलीचीच वाट पाहते आहे. त्या हसल्या नाहीत. सोनोग्राफीच्या कागदावर प्रोस्टेट शब्द दिसल्यावर मात्र त्यांनी मला पुरुषांच्या रांगेत धाडलं. दादा, ऑपरेशन केलं तेव्हा सगळंच गेलं, असं मी इतकी वर्षं समजत होते. (दुखलं तर सगळंच होतं.) पण ही ग्रंथी आत तशीच राहते म्हणे, आम्हा सगळ्यांचीच राहते, आणि आम्हाला ते कोणी सांगत नाही.

पुरुषांच्या रांगेत मी शिरले आणि लोकांनी खिशात हात घातले. गार्ड धावत आला. "ओ मावशी, अती मागाले मनाई हाये, बाहेर व्हा." मी म्हटलं, "मागाले नाही आली बाबा, मलेच लघवी होऊन नाही राहिली." खिशातले हात बाहेर आले. मग माझ्या पुढच्या आंबागडच्या टेकचंद नावाच्या म्हाताऱ्याने हातातली लघवीची पिशवी सांभाळत माझ्यासमोर डोकं वाकवलं. माझ्या आशीर्वादाने त्याची पिशवी सुटावी, एवढंच त्याचं मागणं. आता आम्ही नाही म्हणू शकत नाही, अपशकुन मानतात. त्याला दिला, तर त्याच्यामागून आणखी लोक वाकले. दुपारी डॉक्टर उठून जाईपर्यंत मी अकरा जणांच्या लघवीला आशीर्वाद दिला आणि स्वतःची तुंबलेली घेऊन घरी आले. आम्हाला कोण आशीर्वाद देतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. (चांगली पोरगी. "ताई, बसा" म्हणाली. कोणी बसा म्हटलं की मला हल्ली रडू येतं.) रक्ताच्या तपासणीचा आकडा दुसऱ्या कोणाला चालला असता, पण वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतलेल्या माणसाला तो चांगला नाही, असं तिने सांगितलं. आतला तुकडा काढून तपासावा लागेल. कॅन्सर असू शकतो. मग तिने विचारलं, तुमच्या घरच्यांपैकी कोण कशाने गेलं? मी आपली सांगत सुटले. मनकर्णाबाई, मला पदरात घेणारी माझी गुरू, शुगरने गेली. गुरूची गुरू मंदाबाई ट्रकखाली आली. तिची गुरू नव्वदीत, जेवता जेवता. पोरीने आई, आजी, पणजी असं क्रमाने मांडून अर्धं पान भरलं. शेवटी तिने वडिलांचं विचारलं. मी म्हटलं, आमच्यात वडील नसतात. तिचं पेन थांबलं. "ताई, ज्यायच्या पोटी जन्मल्या, त्यायचं विचारून राहिली मी."

दादा, त्यावर मी रडायलाच लागले. घरचे म्हटल्यावर मला तुम्ही आठवलाच नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तू मला अंगणातही येऊ दिलं नाहीस. मी लाखांदूरच्या एस्टी स्टँडवर उभी राहून मयतीला माणसं जाताना पाहिली. बाबांना काय झालं होतं, ते मी कोणाला विचारणार होते? तेव्हा बाबा कशाने गेले, एवढं एका ओळीत कळव. पुढच्या गुरुवारी माझा तुकडा काढणार आहेत. मला फार भीती वाटते आहे.

वहिनीला जयभीम, नातीला माझ्या वतीने एक पापा.

तुझी,
रीना

ता.क. वर थोडं खोटं लिहिलं आहे. बाबा प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, हे तुझ्या शेजारच्या सुशीलाबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि रडणं आवरल्यावर मी ते डॉक्टरीणबाईंना सांगितलंही. तुझ्या हातची एक ओळ आली असती, म्हणून विचारलं.

आणखी ता.क. गुरुवारी कोणी यायची गरज नाही. खरं काम तुझंच आहे. वडिलांना झालं असेल तर मुलाने रक्त तपासून घ्यावं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पवनीला जाताना तू दोनदा एस्टी थांबवायला लावतोस, असं सुशीलाबाई सांगतात. तू अडुसष्टचा झालास. लाजू नको, जा. माझं नाव सांगू नको, वहिनीला पेपरात वाचलं म्हण. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, भाऊ आहे का? मी आहे म्हटलं. मला खोटं पाडू नको.