दुसऱ्याच्या शब्दाची माफी

प्रिय पूर्णिमा,

कांचघरच्या आपल्या गल्लीत तीन दिवसांपासून टँकर येऊन राहिला आहे. गटाराशेजारची सडलेली पाइपलाइनही माणसं उखडून राहिलीत. कावीळ अजून पूर्ण गेली नाही, पण नवीन कोणी आजारी नाही. अंजनीकाकूंची नात परवा दवाखान्यातून घरी आली.

तुमचं विधानसभेचं सभागृह नऊ दिवस बंद पडलं, तेव्हा तीच पोर सलाइनवर होती. आपल्याच पक्षाचे शैलेंद्रजी मंत्र्यांना नको ते बोलून बसले. माफी मागितल्याशिवाय कामकाज नाही, असं सरकार म्हणे. माफी मागणार नाही, असं आपण. रोज अकराला घोषणा, सव्वाअकराला तहकूब. पाण्याचा तुझा प्रश्न रोज यादीत असे आणि रोज वाया जाई. खरं सांगतो, मलाही तेव्हा आपण जिंकतोय असंच वाटत होतं.

दहाव्या दिवशी मी टीव्हीसमोर होतो. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “शब्द मेरे नहीं थे, फिर भी माफी मेरी ले लीजिए. पर सदन चलने दीजिए.” आपल्याच बाकांवरून ‘गद्दार’ ऐकू आलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन ओळी बोलायच्या म्हणून पडद्यामागे रडणारी तू! आवाज कापत होता, तरी गल्लीतल्या सतरा आजाऱ्यांची नावं वाचलीस आणि मंत्र्यांकडून कामाची तारीख घेतल्याशिवाय खाली बसली नाहीस. चाळीस मिनिटं चाललं सभागृह. तेवढ्यात झालं ते काम आम्ही इतक्या वर्षांच्या मोर्च्यांत केलं नाही.

काल अंजनीकाकू दारात येऊन म्हणाल्या, “नीलकंठ भैया, काहून तोंड लपवून राहिले? अशी बहीण असली तर माणूस छाती काढून चालते.”

लाज कशाची, ते त्यांना माहीत नाही. तू माफी मागितलीस त्याच संध्याकाळी, तुला पक्षातून काढावं, अशी शिफारस इथून भोपाळला गेली. जिल्हा सचिव म्हणून त्यावर पहिली सही माझी आहे. तू ती पाहिली असशील. तरी दिवाळीला येऊ का, असा निरोप पाठवलास. आज सकाळी मी पद सोडलं. ये, घर तुझंच आहे. आणि पुढच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहिलीस, तर अर्जावर दहा प्रस्तावक लागतील. नऊ जण तू शोध. पहिली सही मला करू दे.

तुझाच, चुकलेला,
नीलूदादा