कल्याणचं बोट

१२ फेब्रुवारी
अंकुशनगरहून नांदायला मंठ्याला आले. घर हवेशीर, सासूबाई हौशी. त्यांनी आग्रह करकरून एवढ्या पुरणपोळ्या वाढल्या की मला उठवेना. लग्नाआधीच मी स्वच्छ सांगितलं होतं, मला मनाच्या आजाराच्या लिथियमच्या गोळ्या आहेत, सहा वर्षं झाली. नवरा, कल्याण, म्हणाला, त्यात काय एवढं! डॉक्टरांनी दिलेलं रक्त तपासायचं यंत्रही त्यानंच नीट कपाटात ठेवलं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर, आकडा थेट जालन्याला डॉक्टरांच्या मोबाइलवर. आज ०.८. बराबर. दीडच्या वर गेला तर तेच औषध विष होतं, तेवढं सांभाळायचं.

१६ फेब्रुवारी
नव्या सुनेनं कुलदेवीसाठी नऊ दिवस अळणी खायचं, ही इथली रीत. मी म्हटलं, मीठ तोडलं की औषध अंगात साचतं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या थोरल्या जावेनंही धरल्तं, ती काय मेली? कल्याणकडं बघून धरलं. मूर्ख मी.

१९ फेब्रुवारी
सारखी तहान. हात थरथरून राह्यले. यंत्र मागितलं तर सासूबाई आडव्या आल्या. व्रतातल्या बाईचं रक्त घरात सांडलं तर देवी कोपते म्हणे. डॉक्टरांना आकडा तर पाहिजे, मंग कल्याणनं माझ्या नावावर स्वतःचं बोट टोचलं! आकडा ०.०. म्हणतो, नवरा-बायकोचं रक्त काय वेगळं? बी.एस्सी. झालाय हा माणूस. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन आला. मी गोळ्या थुंकते, असं त्यांनी धरलंय. आता दुप्पट, त्याही समोर उभं राहून गिळवायच्या. मी फोन हिसकावून ओरडले, ते रक्त माझं न्हाई! ते शांतपणे म्हणाले, फोन मिस्टरांना द्या. कल्याणनं एक वाक्य खरं बोलायचं होतं. त्यानं आईकडं बघितलं आणि फोन ठेवून दिला. शेळपट!

२१ फेब्रुवारी
उलट्या. मी ताट भिरकावलं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती चिडून राह्यली. गोळी कमीच पडली." अरे, मी चिडू नको तर काय करू? हा राग आजाराचा न्हाई, माझा आहे. चिडले की गोळी. गप्प बसले तरी —

२२ फेब्रुवारी
जीभ जड. मोबाइल त्यांच्याकडं. तो रोज बोट टोचतो, रोज शून्य, रोज —
पाय माझे न्हाईत.

२३ फेब्रुवारी
दुपार. सासूबाई देवळात. कपाट फोडलं. बोट टोचलं, दोनदा हुकलं. ३.१. लाल.
गेला! आकडा डॉक्टरांना गेला —
ओसरीवर कल्याणचा फोन वाजतोय. डॉक्टरच. बोल रे, आता तरी बोल —
तो म्हणतोय, "न्हाई डॉक्टर, आजचं रक्त तिचं न्हाई."
दार. त्याच्या हातात गोळ्या, तांब्या. मी तोंड उघडणार न्हाई. मी तों—