पाणी शिरलेल्या पेट्या

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. होसकोट्याच्या कारखान्यात आपण एकाच बसने जायचो. तुम्ही तपासनीस, मी तुमची लेक, तुमच्याच शब्दावर लागलेली मदतनीस. नाव बुडायला लागली की उपग्रहाला हाक देणाऱ्या पिवळ्या पेट्या, बीकन, आपण टाकीत बुडवून तपासायचो. त्या दुपारी चार पेट्यांत पाणी शिरलं. झाकणाची रबरी रिंग नीट बसत नव्हती. तुम्ही एक पेटी साहेबांच्या टेबलावर उपडी करता, पाणी कागदांवर सांडतं. "ही मुकी आहे, सर. सही करणार नाही." साहेब कमरेचा नवा पेजर चाचपत म्हणतात, "उद्या माल जायचाय. स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं ॲडजस्ट करा." "समुद्र ॲडजस्ट करतो का?" बस, एवढंच बोललात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला स्टोअरात बसवलं, तेही "सरी", म्हणजे बरं, म्हणून घेतलंत, आणि पेट्या पास करायचा तो कागद तुमच्या जागी माझ्यापुढे आला.

मी सही केली. संध्याकाळी मल्लेश्वरमच्या घरी मुळा चिरता चिरता तुम्ही विचारलंत, "रिंगा बदलल्या का ग?" "बदलल्या," मी म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत, चिरत राहिलात. इतका विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं? मान वर करून पुन्हा विचारलं असतंत तर मी खरं बोलले असते. वर्षभरात तुम्ही गेलात, लेकीच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळ्यांना सांगत.

मग किनाऱ्यावरून एक पेटी परत आली. कळ ओढलेली, आत मीठ साचलेलं. सोबत कन्नडात चिठ्ठी, अक्षर बाईचं: आमच्या माणसांनी कळ ओढली होती, कुणी आलं नाही. ती माणसं परतली का, ते लिहिलं नव्हतं. मी पेटी आणि माझ्या सहीचा कागद साहेबांपुढे आपटला, भांडून उरलेल्या पेट्या परत मागवायला लावल्या, मग नोकरी सोडली. हे भांडण तुम्ही तेव्हाच का केलं नाहीत? विचारायचा हक्क मला नाही, तरी विचारते. चिठ्ठीखाली पत्ता होता. त्या बाईला मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही, अण्णा. लिहायला बसले की तुम्हालाच लिहिते.