जळक्या गुळाचा वास

गुरुवार, २० नोव्हेंबर १९९७, सुरत

सरकारी दवाखान्यात फिटच्या गोळ्या आजपासून पुन्हा मिळू लागल्या. दोन महिने बंद होत्या. हे पलसाण्याच्या मिलमधून सुटले की शालिनीताईंबरोबर त्यासाठीच्या अर्जावर सह्या गोळा करत फिरायचे. त्याही ह्यांच्यासारख्याच फिटच्या पेशंट. मला आनंद व्हायला हवा ना? मग का होत नाहीये?

संध्याकाळी ताई पेढे घेऊन आल्या. सहज म्हणाल्या, "वहिनी, भाऊंना फिट येण्याआधी जळक्या गुळाचा वास येतो. मला तसं काही होत नाही."

जळका गूळ! नऊ वर्षं ह्यांचं डोकं मांडीवर घेतेय, मला हे ठाऊक नाही. आणि त्यांना दोन महिन्यांत कळलं.

ताई गेल्यावर ह्यांना विचारलंच. "मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस? फिट आली की तू आधी दार लावतेस, चाळीतले बघतील म्हणून."

खरं आहे. तरी जळफळाट थांबत नाही. त्या बाईने अर्जावर स्वतःचं नाव आणि आजार, दोन्ही ठळक लिहिलं. सही मीही केली. पण 'रुग्णाशी नातं' ह्या रकान्यात मी 'शेजारीण' लिहिलं.