'पाय' म्हणजे पाहा

रविवार, संध्याकाळ. राळेगाव.

आज मी शिकवते त्या पोरींच्या फुटबॉल प्रॅक्टिसमध्ये मी गोलमधून ओरडली, "पिंकी, मांगं पाय!" पिंकीनं लगेच वळून पाह्यलं. एवढंच झालं. पण तवापासून कशातच जीव लागून नाही राह्यला.

राज्याच्या टीमकडून खेळताना मी हेच तर ओरडलती. पुढं आपली कोल्हापूरची डिफेंडर, तिच्या मांगून समोरच्या टीमची पोरगी घुसून राह्यलती. मी म्हटलं, "पाय, पाय!" तिनं पाय आडवा टाकला. ती पोरगी पडली, त्यायले पेनल्टी भेटली, आपण हरलो. नंतर आपली डिफेंडर रडत म्हणे, "तूच म्हणालीस की पाय!" तिच्या गावाकडं 'बघ' म्हणतात. तिची काय चूक? अन् माही तरी काय?

मंग ओरडायच्या आधी मी मनात शब्द शोधाले लागली. बघ म्हणू का पाहा? तोवर बॉल जाळीत. कोच म्हणाले, "मुकी गोलकीपर काय कामाची?" पुढच्या टीममध्ये मी नव्हती.

पिंकीले आता निवड चाचणीसाठी पुण्याले बोलावलं आहे. वळून पाह्यलं तिनं, लगेच. तिथं ती बी 'पाय'च ओरडन.

उद्यापासून तिले 'बघ' शिकवा लागन. माह्या तोंडून निघन का?